भाट्ये खाडी ते गणपतीपुळे, एवढ्या किनाऱ्याचं त्रिमिती मॉडेल करायचंय. उंचीचा डेटा फुकट कुठून उतरवू आणि कोणता घेऊ?

ओपनटोपोग्राफी या उंचीचा डेटा देणाऱ्या साइटवर खातं उघडा आणि कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा 30 मीटरवाला (जीएलओ-30, म्हणजे 30 मीटरच्या एकेका चौकटीला एक उंची) घ्या. नकाशावर चौकोन आखला की तेवढाच तुकडा जिओटिफ (जागेची माहिती सोबत असलेली चित्रफाइल) म्हणून हातात येतो. नासाचा एसआरटीएमही तिथंच मिळेल, पण तो फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानातून मोजलेला. कोपर्निकसचं मूळ मोजमाप टॅनडेम-एक्स उपग्रहांचं, 2011 ते 2015 मधलं. जुन्याचा हट्ट धरायचं काही कारण दिसत नाही.

अर्थएक्सप्लोरर या अमेरिकी साइटवरून एसआरटीएम घेतलात तर एकेका अंशाचे चौकोन मिळतात आणि फाइलचं नाव खालच्या डाव्या कोपऱ्यावरून पडतं. रत्नागिरी शहर नेमकं 17 अंश अक्षांशाच्या रेषेला चिकटून आहे. त्यामुळे भाट्ये एन16ई073 मध्ये आणि गणपतीपुळे एन17ई073 मध्ये. दोन्ही उतरवून क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये मर्ज करा, म्हणजे एकत्र जोडा. कुठूनही घेतलात तरी पुढे यूटीएम 43 उत्तर (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत, तिचा क्रमांक ईपीएसजी 32643) मध्ये वार्प करून, म्हणजे बदलून घ्या. नाहीतर आडवं माप अंशांत आणि उभं मीटरमध्ये राहतं, आणि त्रिमितीत सड्यांच्या जागी सुळके उभे राहतात.

आता कोकणातली खरी अडचण, झाडं. हे सगळे डेटा वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाची उंची देतात, जमिनीची नव्हे. उघड्या कातळसड्यावर त्याने काही बिघडत नाही, तिथं रडारला अडवायला आहेच काय! पण माडांच्या वाड्या, आंब्याच्या बागा, खाडीकाठची कांदळवनं, सगळी जमीन म्हणून मोजली जातात. भाट्याच्या पुळणीवरून कर्सर सुरूच्या बनात नेऊन बघा, आकडा लगेच चढेल. मॉडेलमध्ये तिथं टेकाड दिसतं आणि बघणारा विचारतो, हा डोंगर कुठला? यावर उपाय म्हणजे फॅबडेम हा उंचीचा डेटा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या मंडळींनी कोपर्निकसमधूनच झाडं आणि इमारती वजा करून तो बनवलाय. व्यावसायिक वापराला चालत नाही, तुमच्यासारख्या कामाला चालतो. मी असतो तर थेट तोच घेतला असता. मात्र वजाबाकी संगणकाच्या अंदाजाने केलेली आहे, तेव्हा दाट बागांत फूटपट्टी घेऊन बसू नका.

भुवन या इस्रोच्या नकाशा-साइटवर त्यांचा कार्टोडेम हा उंचीचा डेटाही फुकट आहे, लॉगिन करावं लागतं. तो उघडल्यावर अख्खा किनारा उणे साठ-सत्तर मीटरवर दिसला तर फाइल खराब आहे असं समजू नका. त्यातली उंची एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार) मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि आपल्या बाजूला जिऑइड (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) एलिप्सॉइडच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. कोपर्निकसची उंची ईजीएम2008 या जिऑइडच्या मॉडेलवरून आणि एसआरटीएमची ईजीएम96 या जुन्या मॉडेलवरून, म्हणून त्या दोन्हींत किनारा शून्याच्या आसपास येतो. कार्टोडेम आणि कोपर्निकसचे तुकडे एकमेकांना जोडायला गेलात की मध्ये कडा उभा राहिलाच म्हणून समजा. पडताळणीला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ओपन सिरीज नकाशावरचे उंचीचे ठिपके घ्या. सड्यावरचे दोन-चार जुळले तर शून्य बरोबर आहे.

प्रिंट काढणार असाल तर आधी गणित करा. भाट्ये ते गणपतीपुळे सरळ रेषेत साधारण 20 किलोमीटर, म्हणजे 1:50,000 वर 40 सेंटिमीटर. त्याच मापाने 100 मीटर उंचीचा सडा जेमतेम 2 मिलिमीटर! उभं माप तिप्पट तरी करा, नाहीतर हातात चपातीच येईल.

घरामागचा वहाळ किंवा पऱ्या मात्र यात शोधू नका. 30 मीटरच्या चौकटीत तो बुडून जातो. त्यामुळे या डेटावरून कुणाच्या अंगणात पुराचं पाणी किती चढेल असले नकाशेही काढू नका. समुद्राचा तळही हवा असेल तर जेब्को हा समुद्रतळाच्या खोलीचा डेटा वेगळा उतरवावा लागेल. त्याची चौकट सुमारे 450 मीटरची, म्हणजे लांबवरच्या उताराला ठीक आहे, खाडीच्या मुखाला अजिबात नाही.