आधी काकांना पुरेल एवढंच कर
तुझ्या काकांसाठी सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे सौदे नोंदवणारं अॅप करतोयस, हे फार आवडलं. विषय घरचा असला की काम अर्ध्यात सुटत नाही. लॉगिन, नोटिफिकेशन आत्ता राहू दे. तारीख, पोती, वजन, क्विंटलचा भाव, बास. डेटाबेस एसक्यूलाइट घे. वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एकाच फाइलीत.

रक्कम मात्र फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश संख्येच्या प्रकारात, ठेवू नकोस. हा प्रकार काही अपूर्णांक अंदाजेच साठवतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ०.१ + ०.२ करून बघ, ०.३०००००००००००००००४ येतं! पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, आडत (दलाली), हमाली, तोलाई वजा करताना असल्या चुका साचतात. म्हणून रुपयांचे पैसे करून पूर्णांकात साठव.

कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापर. मग काकांच्या हातात फोन दे आणि मध्ये अजिबात बोलू नकोस. ते जिथे अडतील, तिथलंच काम आधी घे.