राजीनाम्यातील एक ओळ आणि त्याआधीची दोन पाने

पत्राचा सारांश : आमची मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. हिंगणा रोडवरच्या महाविद्यालयातून संगणक अभियांत्रिकी झाल्यावर तिला कॅम्पसमधूनच नोकरी मिळाली आणि गेली सव्वाचार वर्षे ती हैदराबादला एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीत आहे. लोकांनी तक्रार केलेली पोस्ट तपासणीसाठी कोणाकडे जावी, हे ठरवणारी यंत्रणा तिचा गट सांभाळतो. मराठीसह काही भाषांतल्या तक्रारी यापुढे माणसांकडे न पाठवता यंत्रानेच निकाली काढाव्यात असा निर्णय यंदा झाला आणि तो अमलात आणण्याचे काम तिच्याकडे आले. तिने विरोध केला, पण कोणी ऐकले नाही. दसऱ्याला घरी आली तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्याशी उभी होती. राजीनामा लिहून ठेवला आहे, असे ती म्हणते. बेसा येथील फ्लॅटचे कर्ज तिच्या नावावर आहे आणि तिच्या बाबांची अँजिओप्लास्टी तिच्याच कंपनीच्या विम्यातून झाली. बाबांचे म्हणणे, तत्त्वासाठी एवढ्या पगाराची नोकरी कोण सोडतो, आणि लोकांना काय सांगायचे? तिला समजवावे की तिच्या पाठीशी उभे राहावे, हेच मला कळेनासे झाले आहे. — एक आई, मानेवाडा, नागपूर

आदरणीय ताई,

आपण पत्रासोबत मुलीच्या राजीनाम्याचा मसुदाही पाठवला आहे. त्यात एकच ओळ आहे : वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. आपले संपूर्ण पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या ओळीकडे आले, कारण आपण जे कळवले आहे त्यात वैयक्तिक असे काहीच नाही. तिचा आक्षेप तिच्या कामाविषयी आहे, तो कामाच्या ज्ञानातून आलेला आहे आणि माझ्या मते तो रास्त आहे. तिने नोकरी सोडू नये असे मी म्हणणार नाही. मात्र एवढ्या एका ओळीवर ती सोडू नये, हे आग्रहाने सांगेन. ती ओळ देण्याआधी तिने दोन पाने लिहावीत. ती कोणती, ते पुढे सांगते.

आधी तिच्या बाबांच्या प्रश्नाविषयी. हा लहरीपणा आहे का, असे त्यांना वाटते. आपण पत्रात तिने सांगितलेले एक उदाहरण दिले आहे आणि मला वाटते त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. क्रिकेटच्या बातमीत आपण वाचतो की अमक्याने शतक ठोकले. गावातल्या भांडणात कोणी लिहितो की याला चौकात आणून ठोकला पाहिजे. क्रियापद एकच आहे, पण पहिल्या वाक्यात कौतुक आहे आणि दुसऱ्यात धमकी. त्यातच आपली मुले मराठी सर्रास रोमन लिपीत लिहितात आणि प्रत्येकाची वर्णरचना निराळी असते. हा फरक मराठी माणसाला क्षणात कळतो. यंत्राला तो कळावा यासाठी हजारो खरी वाक्ये माणसांनी तपासून त्यावर खूण करून द्यावी लागतात, आणि हे काम इंग्रजीसाठी जेवढे झाले आहे तेवढे मराठीसाठी झालेले नाही. अशा यंत्रात एक मर्यादा ठरवलेली असते : एखादी पोस्ट घातक असल्याची यंत्राला इतकी खात्री असेल तरच ती काढायची, नसेल तर तक्रार बंद करायची. जी भाषा यंत्राला नीट येत नाही त्या भाषेत त्याची खात्री क्वचितच त्या मर्यादेपर्यंत पोचते, आणि धमकी मिळालेल्या माणसाला उत्तर जाते की नियमांचे उल्लंघन आढळले नाही. ते उत्तर पाठवणारी यंत्रणा आपल्या मुलीच्या हातची आहे. तिला झोप का येत नाही, हे मला यावरून समजले.

हा अनुभव तिच्या एकटीचा नाही. फेसबुकमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये नोकरी सोडली आणि कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. हिंदी आणि बंगाली भाषांसाठी पुरेशी स्वयंचलित यंत्रणा नसल्यामुळे भारतातील बराच द्वेषपूर्ण मजकूर ओळखलाच जात नाही, असे त्या कागदपत्रांत कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी लिहिलेले होते. चुकीच्या माहितीची छाननी करण्यासाठीच्या जागतिक तरतुदीपैकी ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी असल्याचेही त्यातून समोर आले; कंपनीने मात्र हा आकडा अपुरा असल्याचे म्हटले. हिंदीची ही गत असेल, तर मराठीचा विचार आपणच करावा.

आता त्या दोन पानांविषयी. पहिल्या पानावर तिने एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे : माझा विरोध नेमका कशाला आहे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महाराष्ट्रातल्याच दोन घटना समोर ठेवून पाहा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती. ज्या कायद्याखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. दुसरी घटना १ जुलै २०१८ ची आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले, आणि ती अफवा मोबाइलवरून फिरत होती. पहिल्या घटनेत बोलणाऱ्यावर अन्याय झाला, तर दुसऱ्या घटनेत एका खोट्या संदेशाने माणसांचे जीव घेतले. मजकुरावर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रत्येकाला या दोन टोकांमधून वाट काढावी लागते, आणि प्रामाणिक माणसांचेही त्यात मतभेद होतात. त्यामुळे “कंपनी चुकते आहे” एवढे लिहून भागणार नाही. नियमच चुकीचे आहेत, की नियम बरे असून मराठीत ते लागू करण्याची सोय काढून घेतली जात आहे? यंत्राचा वापरच तिला अमान्य आहे, की चाचणी न करता केलेला वापर? आपल्या पत्रावरून मला वाटते की तिचा आक्षेप चाचणी न करता केलेल्या वापराला आहे. तसे असेल तर तो अभियंत्याचा आक्षेप आहे, मोजता येणारा आहे आणि म्हणूनच त्याला वजन आहे.

राईनपाड्याच्या घटनेनंतर काय झाले, हेही तिने आठवावे. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली आणि पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू केली. तेथे संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत, म्हणून मजकूर तपासण्याऐवजी त्याचा वेग कमी करण्याचा मार्ग निवडला गेला. गेलेली पाच माणसे त्याने परत आली नाहीत. तरीही कोण्या एका कार्यालयात कोणा अभियंत्याने लिहिलेल्या त्या मर्यादेमुळे पुढच्या अफवा मंदावल्या असतील, असे मी मानते. आपल्या मुलीचे क्षेत्र इतके मोलाचे आहे. कंपनी सोडताना तिने क्षेत्र सोडू नये, असे मला वाटते ते यामुळेच.

दुसऱ्या पानावर उपाय असावा. मराठीतील तक्रारींचा किती हिस्सा माणसांकडे राहावा, किती काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून निकाल ताडून पाहावेत, चुकीने बंद झालेल्या तक्रारीवर दाद कोठे मागता यावी, हे तिने सुचवावे. ही दोन पाने तिने आपल्या व्यवस्थापकाला आणि त्यांच्या वरिष्ठांना कंपनीच्याच ईमेलवरून पाठवावीत. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ नुसार कर्मचाऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागते. तिची कंपनी त्या व्याख्येत बसत नसली, तरी मोठ्या कंपन्यांमध्ये नीतिविषयक तक्रारींची खिडकी बहुधा असते, तिचाही उपयोग करावा. उत्तरासाठी तीन-चार आठवडे द्यावेत. निर्णय बदलला तर उत्तमच. बदलला नाही, तर निदान तिचा विरोध कागदावर राहील आणि पुढे कधीही तिला स्वतःला विचारावे लागणार नाही की मी स्पष्ट बोलले होते का.

येथे एक गोष्ट फार निक्षून सांगते. कंपनीची कोणतीही फाइल, आकडेवारी किंवा स्क्रीनशॉट तिने स्वतःच्या मोबाइलवर वा ईमेलवर घेऊ नये. हॉगन यांच्यामागे वकील होते आणि अमेरिकेचा जागल्यांना, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा होता. आपल्याकडचा २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा लोकसेवकांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याला त्याचा आधार नाही. तिला सार्वजनिकरीत्या बोलायचेच असेल, तर आधी नागपुरातील एखाद्या जाणकार वकिलाला नियुक्तीपत्र आणि गोपनीयतेचा करार दाखवावा. निघताना कंपनी ज्या कागदांवर सही मागेल, तेही वाचल्याशिवाय सही करू नये. फेसबुकमधून २०२० मध्ये काढल्या गेलेल्या सोफी झँग यांनी सुमारे ६४ हजार डॉलरची रक्कम नाकारली, कारण ती घेतल्यास कंपनीविरुद्ध बोलता येणार नव्हते. तशी निवड आपल्या मुलीने करावी असे मी सुचवत नाही, पण कशावर सही करतो आहोत हे तिला ठाऊक असले पाहिजे. स्पर्धक कंपनीत जाऊ नये अशी अट करारात असेल तर मात्र घाबरू नये. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतर अशी अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

आता झोपेविषयी. हैदराबादहून आलेली मुलगी रात्री दोन वाजता अंधारात उभी राहते, हे केवळ मतभेदाचे लक्षण नसावे. यंत्र तपासताना तिला तो हिंसक मजकूर स्वतः पाहावा लागतो का, हे तिला हळुवारपणे विचारा. असा मजकूर रोज पाहणाऱ्या तपासनीसांना झालेल्या मानसिक त्रासाबद्दल फेसबुकने २०२० मध्ये अमेरिकेत ५ कोटी २० लाख डॉलरची भरपाई देण्याचे मान्य केले होते, इतका हा त्रास खरा आहे. तिने मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. अनेक रात्रींच्या जागरणात घेतलेला निर्णय बरोबर असू शकतो, पण तो थोडी विश्रांती घेऊन पुन्हा तपासावा. त्यासाठी दोन आठवड्यांची रजा घ्यावी. आणि त्रास जर सहन होण्यापलीकडचा असेल, तर माझी दोन पाने बाजूला ठेवून तिने सरळ घरी यावे.

पैशाचे गणित मांडणे त्या मानाने सोपे आहे. फ्लॅटचे आठ महिन्यांचे हप्ते आणि तिचा आठ महिन्यांचा खर्च हाताशी असेल, तर दुसरी नोकरी हातात नसतानाही ती बाहेर पडू शकते. नसेल, तर नोकरीत राहून शोध सुरू करावा. खरी अडचण बाबांच्या विम्याची आहे. कंपनीचा सामूहिक विमा तिच्यासोबतच संपेल आणि नव्या पॉलिसीत आधीच्या हृदयविकारासाठी प्रतीक्षा काळ लागेल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा मार्ग असतो. त्याची चौकशी राजीनाम्याआधी आणि अर्ज नोटीस पिरियड संपण्याआधी झाला पाहिजे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढू नये; सलग पाच वर्षे होण्याआधी काढल्यास ती करपात्र ठरते. ग्रॅच्युइटीसाठी लागणाऱ्या पाच वर्षांना नऊ महिने कमी पडतात, पण तेवढ्यासाठी मनाविरुद्ध नऊ महिने काढणे मला पटत नाही. नोटीस पिरियड पूर्ण करून, कामाचे हस्तांतर नीट करून, रिलिव्हिंग लेटर हातात घेऊनच तिने निघावे.

पुढे काय, हा आपला शेवटचा प्रश्न. सव्वाचार वर्षे तक्रार-यंत्रणा बांधलेली आणि मराठी उत्तम येणारी अभियंता ही दुर्मीळ व्यक्ती आहे, हे आधी आपण सर्वांनी ओळखावे. भारतीय भाषांच्या संगणकीय कामाला आता गती आली आहे. मद्रास आयआयटीत ‘एआयफॉरभारत’ हा गट आहे, केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प आहे, आणि पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने मराठीतील द्वेषमूलक मजकूर ओळखण्यासाठी हजारो ट्वीट्सचा संग्रह तयार केला आहे. तिला ज्याची उणीव भासते आहे, नेमके तेच काम ही मंडळी करत आहेत. बँका आणि ऑनलाइन पेमेंटच्या कंपन्यांना फसवणूक ओळखणाऱ्या यंत्रणांसाठी असाच अनुभव हवा असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामुळे कायदा आणि तंत्रज्ञान दोन्ही समजणाऱ्यांची गरजही वाढते आहे. नागपुरातच राहायचे असेल तर मिहान आणि परसोडीच्या आयटी पार्कमध्ये कामे आहेत, पण पगार हैदराबादएवढा मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. हे आत्ताच सांगितलेले बरे.

मुलाखतीत नोकरी का सोडली असे विचारतीलच. त्यावर तिने कंपनीची निंदा करू नये आणि अंतर्गत तपशीलही सांगू नयेत. “भारतीय भाषांतील तपासणीबाबतच्या एका निर्णयाशी मी सहमत नव्हते. माझा आक्षेप आणि पर्याय मी लेखी मांडले, ते स्वीकारले गेले नाहीत, म्हणून नोटीस पिरियड पूर्ण करून मी बाहेर पडले,” एवढे पुरे. जेथे या उत्तरामुळे तिला नाकारतील, तेथे ती वर्षभरात पुन्हा याच वळणावर येईल. शेजाऱ्यांनी विचारले तर बाबांनीही हेच दोन वाक्यांत सांगावे. यात मान खाली घालण्यासारखे काही नाही.

बाबांना मात्र मी हे पत्र वाचून दाखवू नका असे सुचवते. दिवाळीला मुलगी येईल तेव्हा नोकरीचा विषय न काढता तिला ‘ठोकणे’ या शब्दाची ती गोष्ट त्यांना स्वतःच्या तोंडून सांगू द्या आणि तोवर मध्ये कोणी बोलू नका. भाऊबीजेनंतर तिघेही माझ्याकडे या. येताना नियुक्तीपत्र, विम्याचे कार्ड आणि गृहकर्जाचे विवरण आणावे, आणि तिने ती दोन पाने लिहिलेली असतील तर तीही, कच्ची असली तरी चालतील.