अभ्यासिकेची हवा आणि विजेचं बिल

प्रश्न : ताई, सदाशिव पेठेत माझी ४० खुर्च्यांची अभ्यासिका आहे. खोली २० बाय ३०, उंची १० फूट. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी, सकाळी ८ ते रात्री १० चालू. एकाला ताप आला की आठवड्यात निम्मी खोली खोकते, आणि मुलांची परीक्षा तोंडावर असते. विक्रेता म्हणतो, एसीतच हेपा फिल्टर बसवा. मुलांनी मला २०० अंशांवर विषाणू मारणाऱ्या फिल्टरची बातमीही दाखवली. काय घेऊ? बिल किती वाढेल?

उत्तर : एसीत हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडकवणारा दाट फिल्टर, अजिबात बसवू नका. स्प्लिट एसीचा पंखा पातळ जाळीतून हवा ओढण्यापुरताच असतो. हेपातून पूर्ण प्रवाहाने हवा न्यायची तर साधारण २५० पास्कल दाब लागतो. तो या पंख्याला झेपत नाही. माझी तीस वर्षं एसी प्लांटच्या कामात गेली. २०२१ साली एका कार्यालयाने मला न विचारता असाच जाड फिल्टर ठोकला. हवा कमी झाली, कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ धरला, खाली पाणी गळायला लागलं, आणि आठवड्याभरात फिल्टर काढून कपाटावर ठेवला गेला. तिथल्या माणसांना त्या काळात खरंच स्वच्छ हवा हवी होती, म्हणून त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बातमी खरी आहे. ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये निकेलचा सच्छिद्र फोम २०० अंशांपर्यंत तापवला आणि त्यातून एकदाच गेलेल्या हवेतला ९९.८ टक्के कोरोना विषाणू निष्क्रिय झाला. पण तुमच्या खोलीचा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला १० लिटर हवा सुचवली. ४० मुलांसाठी ४०० लिटर. एवढी हवा २५ वरून २०० अंशांवर न्यायची तर ८० किलोवॉटच्या पुढे वीज लागेल, म्हणजे तुमच्यासारखे पन्नासेक एसी! उष्णता कमी निसटावी म्हणूनच त्यांनी बाहेरून हीटर न लावता फोममधूनच वीज सोडून तो तापवला. तरी जी उष्णता बाहेर पडेल ती तुमच्याच खोलीत, आणि ती काढायला एसीचं बिल वेगळं.

मुळात विषाणू मारायची गरजच नाही, तो अडकला की पुरे. फिल्टरवर तो काही तासांत, फार तर काही दिवसांत निष्क्रिय होतो. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, जाळीतून निसटेल’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो थुंकीच्या सूक्ष्म थेंबांतून फिरतो. शिवाय अगदी बारीक कण हवेत सैरावैरा हलतात आणि म्हणूनच तंतूंना चिकटतात.

तेव्हा वेगळी हेपा यंत्रं घ्या. खोक्यावर ‘सीएडीआर’, म्हणजे यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देतं, हा आकडा बघा. ताशी ३५० घनमीटरची चार घेतलीत तर १४०० होतात, म्हणजे वरच्या गरजेच्या जवळपास (सेकंदाला ४०० लिटर म्हणजे ताशी १४४० घनमीटर). प्रत्येकी ५० वॉट धरले तर रोज १४ तासांचे २.८ युनिट, महिन्याला ८४. युनिटला १२ रुपये धरून हजारभर रुपये. तुमचा दर बिलावर पाहून घ्या. मे महिन्यात बाहेरची ३८ अंशांची तेवढीच हवा आत घेऊन थंड करायची तर सुमारे २ किलोवॉट लागतात. त्याच्या दहाव्या भागात हे काम होतं.

शक्य असेल तर सहा यंत्रं घ्या आणि मधल्या वेगावर ठेवा. पंख्याचा वेग निम्मा झाला की वीज जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येते, आणि आवाज बसतो. अभ्यासिकेत आवाज हाच मोठा शत्रू. पूर्ण वेगावर घरघरणारं यंत्र मुलं दुपारपर्यंत बंद करतील आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

फिल्टर कार्बन डायऑक्साइड काढत नाही, आणि तो वायू साचला की मुलांना पेंग येते. म्हणून एक एक्झॉस्ट पंखा हवाच. दिवाळीनंतर थंडी सरेपर्यंत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा, एसी बंद. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र माणसं बसलेल्या खोलीत नकोत, फुकट मिळाली तरी.

फिल्टर बदलताना मास्क लावा. जुना खोलीत झटकू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या.