सामायिक कथाविश्व: मोकळीक किती द्यावी?

प्रश्न : आम्ही काही लेखनप्रेमी मंडळी एक काल्पनिक नगरी रचून तिच्या कथा वाचकांकडूनच लिहवून घेण्याच्या विचारात आहोत. काहींच्या मते सर्वांना पूर्ण मोकळीक असावी, तर इतरांना वाटते की एका संपादकाने सगळा घटनाक्रम जुळवत राहावा. कोणता मार्ग टिकेल? शिवाय अशा कथांचे हक्क कोणाकडे राहतात?

उत्तर : पूर्ण मोकळीक दिल्यावर काय होते, याचा दाखला उपलब्ध आहे. २००७ साली पेंग्विन प्रकाशनाने इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठासह एक कादंबरी सर्वांसाठी खुली केली. तीत कोणीही भर घालावी आणि दुसऱ्याने लिहिलेलेही बदलावे, अशी मुभा होती. पात्रांची भाऊगर्दी झाली, एका महाभागाने तर मजकुरात जागोजागी केळी घुसडण्याचा सपाटा लावला, आणि पाच आठवड्यांनी उपक्रम आटोपला तेव्हा सलग वाचावी अशी कादंबरी काही हाती लागली नाही. माझ्या मते दोष लिहिणाऱ्यांच्या संख्येचा नव्हता. सगळे एकाच मजकुरावर हात चालवत होते, हे खरे कारण.

त्याच वर्षी एका निनावी लेखनातून सुरू झालेले ‘एससीपी फाउंडेशन’ हे इंटरनेटवरचे कथाविश्व मात्र आजही वाढते आहे; विलक्षण वस्तू बंदिस्त ठेवणाऱ्या एका काल्पनिक संस्थेच्या दप्तरातील नोंदी, असे त्यातील लेखनाचे रूप असते. तेथे प्रत्येक नोंद स्वतंत्र असते आणि बहुतेक नोंदी एका ठरलेल्या साच्यात बसतात: विलक्षण वस्तूचा क्रमांक, तिला बंदिस्त ठेवण्याची पद्धत आणि त्यानंतर वर्णन. हा क्रम मोठा हुशारीचा आहे. पहिल्याच नोंदीत, म्हणजे १७३ क्रमांकाच्या पुतळ्याच्या नोंदीत, खोलीत एका वेळी किमान तिघांनी जावे आणि दोघांनी पुतळ्यावरची नजर हटवू नये, अशी रुक्ष कार्यालयीन सूचना आधी येते; नजर हटताच तो हल्ला करतो, हे नंतर कळते. असा साचा हाती असला की नवख्यालाही सुरुवात कोठून करावी हा प्रश्न पडत नाही. नोंदी वाचकांच्या मतांवर टिकतात आणि फारच नापसंत ठरलेल्या काढून टाकल्या जातात.

घटनाक्रम जुळवत बसण्याचा खटाटोपही तेथे कोणी करत नाही. ००१ या क्रमांकावर तर अनेक लेखकांचे परस्परविरोधी प्रस्ताव शेजारी-शेजारी नांदतात आणि कोणता खरा मानायचा हे वाचकाने ठरवायचे असते. म्हणून आपल्या नगरीचा नकाशा आणि लेखनाचा साचा काटेकोर ठेवावा, इतिहास मात्र खुशाल विसंगत राहू द्यावा. संपादकाने काय खरे हे ठरवण्यापेक्षा काय छापण्याजोगे आहे एवढेच पाहावे.

हक्कांचा प्रश्न पहिली कथा येण्यापूर्वीच लेखी मिटवावा. एससीपीचे लेखन क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली असते की मूळ लेखकाचा उल्लेख करून आणि नवी कृती त्याच परवान्याखाली ठेवून कोणीही त्याचा, अगदी व्यावसायिकसुद्धा, वापर करू शकतो. चित्रांबाबत अधिक सावध असावे. त्या १७३ क्रमांकाच्या नोंदीसोबतचे छायाचित्र जपानी कलावंत इझुमी काटो यांच्या शिल्पाचे होते आणि ते या परवान्यात बसत नसल्याने २०२२ मध्ये हटवावे लागले. तेव्हा कथेसोबत येणारे प्रत्येक चित्र कोणाचे आहे, याची विचारणा करूनच ते स्वीकारावे.