कमानीचे पैसे नववीच्या फीला द्या

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. साताऱ्यातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेतली तुमची दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी दिवाळीत हायवेवरच्या हॉटेलात भेटली, तिथल्या तिथे सव्वातीन लाख जमले आणि त्यातून शाळेला कमान बांधून द्यावी असं बहुमत आहे, तर बांधावी का? माजी विद्यार्थी संघ रीतसर नोंदवावा का? आणि शिक्षकांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर घ्यावं का? आमच्या शाळेच्या संघाचं चिटणीसपद मी बरीच वर्षं सांभाळलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कमान नको. कमानीवर बॅचचं नाव कायमचं लागतं, म्हणून तिला बहुमत पटकन मिळतं. पण तुमच्या पुढची बॅच काय करणार? दुसरी कमान? शिवाय विनाअनुदानित शाळेला पगार असो की इमारत, सगळं फीमधूनच भागवायचं असतं. भिंती, गेट, रंगरंगोटी हे संस्थाचालकांचं काम आहे आणि ते त्यांचे ते करतील. शाळेच्या हिशेबात ज्याच्यासाठी रकानाच नसतो, तिथे माजी विद्यार्थ्यांचा पैसा खरा उपयोगी पडतो.

असा एक रकाना सांगतो. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात (अल्पसंख्याक शाळांना यातून सूट आहे). कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सोडतीत नंबर लागला की घरकाम करणाऱ्या बाईंचा मुलगा तुमच्याच शाळेत पहिलीला बसतो आणि त्याची फी सरकार शाळेला देतं. पण हा हक्क आठवीपर्यंतचाच आहे. आठवीचा निकाल लागला की त्याच घरात नववीची फी भरायची चिठ्ठी येते. पालकांना हे आधी माहीत नसतं असं नाही, पण आठ वर्षांनी येणाऱ्या खर्चाची तजवीज महिन्याच्या पगारातून कोण करून ठेवणार? मग मूल दाखला काढून दुसरीकडे जातं. नुसत्या फीचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. मित्र, शिक्षक, कित्येकदा माध्यमसुद्धा बदलतं, तेही दहावीच्या तोंडावर. आणि पंचवीस वर्षांनी जी बॅच भेटेल, तिच्यात हे मूल नसेल. दाखल्यावर शेवटचं नाव दुसऱ्याच शाळेचं असणार.

आता तुमचे सव्वातीन लाख घ्या. समजा शाळेची नववीची फी वर्षाला ४० हजार आहे. दोन वर्षांचे एका मुलाचे ८० हजार. म्हणजे चार मुलं त्याच बाकावरून, त्याच मित्रांबरोबर दहावी देतील. फी वाढली तर वरचे चार पैसे पुढची दिवाळी देईल. मला तरी कमानीपेक्षा हा सौदा बरा वाटतो.

देताना पथ्यं मात्र पाळा. मुलं निवडायचं काम मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांवर सोडा, मुलांची नावं तुमच्या बॅचला कळायचं कारण नाही. पैसे थेट शाळेच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. चेक देतानाचा फोटो नको. चौदा वर्षांच्या पोराला स्टेजवर बोलावून मदत देणं म्हणजे सगळ्या वर्गासमोर त्याच्या घरची परिस्थिती वाचून दाखवणं. आणि मार्कांची अट घालू नका. बाकीच्यांना फी भरून पंचेचाळीस टक्के पाडायची मुभा आहे, ती यालाही असू द्या.

साताऱ्याला हा क्रम नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहिलं ते १९४० मध्ये. आधी पोरांच्या राहण्याजेवण्याची सोय, हायस्कूल सोळा वर्षांनी. मधल्या काळात मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आपल्याकडे ही गोष्ट भाषणात सगळे सांगतात, टाळ्याही पडतात, आणि पुढच्याच वाक्यात कमानीचं भूमिपूजन जाहीर होतं!

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दिवाळीतल्या मेळाव्याबद्दलही सांगतो. पुण्या-मुंबईची मंडळी तेव्हाच गावी येतात हे कबूल. पण दिवाळीत शाळा बंद असते. तुम्ही एकमेकांना भेटलात, पण शाळेत आज शिकणारं एकही मूल तुम्हाला दिसलं नाही. वर्षातून एक दिवस २६ जानेवारीला ठेवा. त्या दिवशी तुम्हाला सुट्टी असते आणि शाळा मात्र भरलेली असते. झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभे राहा, खाऊवाटपाला हात लावा, मग मैदानावर आजी विरुद्ध माजी सामना होऊ द्या. (१५ ऑगस्टला साताऱ्याचा पाऊस काय करतो ते तुम्हाला सांगायला नको.) सत्कार करायचाच असेल तर शाल-श्रीफळ शिपाईमामांना आणि मावशींना द्या. शिक्षकांचा सत्कार होतच असतो. व्हॅनवाल्या काकांना कधी कुणी बोलावलंय?

मुलांशी गप्पा ठेवणार असाल तर वक्ते निवडताना जपा. दरवेळी परदेशातला सॉफ्टवेअरवाला स्लाइड घेऊन येतो आणि मुलं जांभया देतात. तुमच्या बॅचमधला जो एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवतो, जी सिव्हिल हॉस्पिटलात नर्स आहे, जो फौजेतून निवृत्त होऊन आलाय, त्यांना बसवा. नववीचं पोरगं पहिला प्रश्न विचारतं, ‘तुम्हाला दहावीला किती पडले?’ तिथे ज्याला खरा आकडा सांगता येतो, त्याचंच पुढचं ऐकलं जातं. खोलीत शाळेचा शिक्षक कायम हजर हवा, आणि मुलांचे फोन नंबर कुणी घ्यायचे नाहीत. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढा, म्हणजे नंतर कुणाला वाईट वाटत नाही.

साताऱ्याच्याच सैनिक स्कूलच्या किंवा पाचगणीच्या निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांशी तुलना करून तुमच्यातलं कुणीतरी खट्टू होईल. करू नका. सैनिक स्कूल १९६१ पासून आहे, देशातली पहिली. तिथे पोरं सहा-सात वर्षं एका छपराखाली काढतात. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये तर झांझिबारहून आलेला फारूख बुल्सारा शिकला, तोच पुढे ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. घर इतकं लांब असलं की शाळाच घर होते. आपली पोरं पाच वाजता घरी जाऊन सहाला राजवाड्यावर भेळ खात असतात. दिवसाच्या शाळेला पालक, रिक्षावाले, समोरचा वह्यापुस्तकांचा दुकानदार असा सगळा गोतावळा असतो. म्हणून संघाचे पदाधिकारी साताऱ्यात राहणारेच निवडा. पुण्याचा अध्यक्ष देणगीला चांगला असतो, पण मंगळवारी सकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं तर जाणार कोण?

नोंदणी यंदा नको. एक रक्कम एकदाच द्यायची तर शाळेची पावती पुरते. दोन वर्षं काम टिकलं तर किमान सात जणांनी मिळून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्था नोंदवा. नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज हे मागे लागतं. कित्येक संघ इथेच गारठतात. करसवलतीचं आमिष दाखवून देणग्या मागू नका, नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही. आणि बॅचमधल्या कुणी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे पैसे ‘परदेशी देणगी’ ठरतात. त्यासाठी केंद्राची वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात. म्हणून तुमच्या सव्वातीन लाखांत कुणाचे किती, ही यादी आधी नीट करा.

शिक्षकांना ग्रुपवर घेऊ नका. पाटलांच्या पक्याने रात्री साडेअकराला टाकलेला विनोद वाचायची वेळ बाईंवर का आणायची? दोघा-तिघांनी जाऊन भेटा. जाताना कंदी पेढे न्या, पण आधी फोन करून साखर चालते का ते विचारा.