बायबलच्या जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात परराष्ट्रांविरुद्धची भाकिते दोन वेगवेगळ्या ठिकाणी का आढळतात?

कारण या पुस्तकाचे दोन पाठ प्राचीन काळापासून समांतर चालत आले आहेत. आज प्रचलित असलेल्या हिब्रू, म्हणजे यहुदी परंपरेने जपलेल्या मासोरा पाठात मिसर (इजिप्त), मवाब, अदोम, बाबेल (बॅबिलोन) आदी राष्ट्रांविरुद्धची वचने शेवटाकडे, ४६ ते ५१ या अध्यायांत येतात. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात मात्र ती २५:१३ (अध्याय २५, वचन १३) नंतर लगेच येतात आणि त्यांचा क्रमही निराळा आहे: मासोरा पाठ मिसरपासून सुरू होऊन बाबेलवर संपतो, तर ग्रीक पाठ एलामपासून सुरू होऊन मवाबवर थांबतो.

ग्रीक पाठ बराच आखूड असल्याने भाषांतरकारानेच कात्री चालवली असावी, असा संशय पूर्वी घेतला जाई. परंतु मृत समुद्राजवळील कुमरानच्या चौथ्या गुहेतील एका हिब्रू तुकड्यात दहाव्या अध्यायातील तीच वचने गाळलेली आढळली, जी ग्रीकमध्येही नाहीत. म्हणजे आखूड पाठ हिब्रूतही अस्तित्वात होता.

५१:४१ मधील ‘शेशख’ हा शब्द पाहण्याजोगा आहे. हिब्रू वर्णमालेतील पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी उपान्त्य, अशी अदलाबदल केली की ‘बाबेल’चे ‘शेशख’ होते. ग्रीक पाठात हे सांकेतिक नाव नाही, त्यामुळे ते नंतरची भर असावे, असे मानण्यास जागा आहे. स्थानाबाबतही मला ग्रीक मांडणीच जुनी वाटते, कारण २५:१३ मध्येच यिर्मयाने सर्व राष्ट्रांविरुद्ध केलेल्या भाकितांचा उल्लेख आहे.