मिउरांची गोष्ट शेवटून सांगू नका

*ताई, माझं वय ४९. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालत जायचं माझ्या मनात वीस वर्षांपासून आहे. आधी मुलं लहान, मग घराचं कर्ज. आता हे म्हणतात, ‘मी निवृत्त झालो की निवांत जाऊ. मिउरा नाही का ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्ट चढले!’ त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत. थांबू का?*

थांबू नका.

युइचिरो मिउरा २०१३ साली ऐंशीव्या वर्षी शिखरावर पोचले, हे खरं. पण त्याआधी २००३ आणि २००८ मध्येही ते तिथे जाऊन आले होते. १९७० मध्ये तर त्याच पर्वताच्या उतारावरून स्की करत आले होते! निवृत्तीची वाट बघत बसलेला गडी नव्हे तो.

बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे श्वासागणिक प्राणवायूही निम्माच. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, शिवाय तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा. त्यामुळे जाऊन-येऊन सलग दोन आठवड्यांची रजा हवीच. ‘आठवड्याभरात उरकू’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. हृदय, रक्तदाब तपासून घ्या आणि पाठीवर सॅक घेऊन जिने चढायला लागा. उतरायचाही सराव करा. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. सहा महिने द्या. मधे एखादा दोन मुक्कामांचा छोटा ट्रेक करा, म्हणजे तंबूत झोप लागते का तेही कळेल. (मला लागत नाही.)

आता यजमानांचं. वीस वर्षांत त्यांनी स्वतःहून एकदा तरी डोंगराचा विषय काढलाय? मला शंका आहे, त्यांना चढायचंच नसावं आणि ‘निवांत जाऊ’ हा त्यांचा गोड शब्दांतला नकार असावा. त्यात काही गैर नाही, पण तो स्पष्ट व्हायला हवा. त्यांना आवडणारा बोटीचा किंवा रेल्वेचा प्रवास निवृत्तीनंतर जोडीने करा, तो सहा वर्षं थांबू शकतो. ट्रेकला चांगल्या गटाबरोबर एकट्या गेलात तरी चालेल.

आधी रजेच्या तारखा ठरवा, मग त्यांच्याशी बोला. आणि ‘जाऊ का?’ असं नको, ‘येताय का?’ असं विचारा.